काल्पनिक भावांचा खरा इतिहास

कॉर्क परगण्यातल्या एका मैदानावर हर्लिंगचा सामना रंगला आहे. हर्लिंग हा लाकडी काठ्यांनी खेळायचा आयर्लंडचा जुना, धसमुसळा खेळ. सामना आटोपून मुले एका शेतघराशी येतात आणि ब्रिटिश शस्त्रधारी शिपाई अंगणात घुसतात. साल 1920. सार्वजनिक जमावावर बंदी आहे आणि खेळाचा सामना हाही जमावच, असे शिपायांचे म्हणणे. मुलांना भिंतीशी उभे करून नावे विचारली जातात. सतरा वर्षांचा मिहॉल आपले नाव आयरिश भाषेत सांगतो आणि इंग्रजीत सांगायला नकार देतो. शिपाई त्याला आत ओढून नेतात आणि जीव जाईपर्यंत मारतात. ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ हा चित्रपट असा सुरू होतो. केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाने तो 2006 मध्ये केला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला ‘पाम दोर’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. पटकथा पॉल लॅव्हर्टी यांची. त्यांची आई आयरिश, वडील स्कॉटिश आणि जन्म कलकत्त्याचा. चित्रपटाचे नाव रॉबर्ट ड्वायर जॉइस या कवीच्या एकोणिसाव्या शतकातल्या गीतावरून घेतले आहे. ते गीत 1798 च्या उठावाचे. त्या उठावातले बंडखोर शिदोरी म्हणून खिशात सातूचे दाणे ठेवत. मेल्यावर त्यांना जिथे खड्ड्यांत लोटून पुरले, तिथे पुढच्या वसंतात सातू उगवला, असे आयर्लंडमध्ये सांगतात.

ऐतिहासिक चित्रपटाचा खरेपणा आपण सहसा नावे आणि तारखा यांवरून तपासतो. पडद्यावरचा नेता खरोखर होऊन गेला का, लढाई त्याच दिवशी झाली का, गणवेश तसाच होता का, हे प्रश्न आधी येतात. या मोजपट्टीने पाहिले तर लोच यांचा चित्रपट नापास ठरावा. डेमियन आणि टेडी ओडोनोव्हन नावाचे भाऊ इतिहासात नाहीत. डॅन नावाचा आगगाडीचा चालक नाही, शिनेड नाही, मिहॉलही नाही. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धातला एकही मोठा पुढारी या चित्रपटात पात्र म्हणून येत नाही. तरीसुद्धा माझे म्हणणे असे, की खऱ्या नावांनी भरलेल्या चित्रपटांपेक्षा काल्पनिक नावांचा हा चित्रपट त्या इतिहासाच्या अधिक जवळ पोहोचतो, आणि नावे काल्पनिक असल्यामुळेच तो पोहोचू शकतो. हे म्हणणे पुराव्यावर टिकते का, ते पाहायला हवे. पुराव्यांपैकी काही त्याच्या विरोधातही जातात.

तुलनेसाठी दुसरा चित्रपट घेऊ. दहा वर्षे आधी, 1996 मध्ये, नील जॉर्डन यांनी स्वातंत्र्ययुद्धाच्या एका खऱ्या पुढाऱ्यावर ‘मायकेल कॉलिन्स’ केला. लियम नीसन कॉलिन्सच्या भूमिकेत, ॲलन रिकमन एमन डी व्हॅलेरा या दुसऱ्या पुढाऱ्याच्या. व्हेनिस महोत्सवात त्याला ‘गोल्डन लायन’ मिळाला. चित्रपट देखणा आहे, वेगवान आहे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक मोठा माणूस खरा आहे. पण या खऱ्या माणसांना कथेच्या मापात बसवताना दिग्दर्शकाला इतिहास जागोजागी वाकवावा लागला. डब्लिन कॅसलमधून कॉलिन्सला गुप्त बातम्या पुरवणारा पोलीस नेड ब्रॉय चित्रपटात छळाने मरतो. खरा ब्रॉय पुढे आयर्लंडच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला आणि 1972 पर्यंत जगला. कॉलिन्सचा जिवलग मित्र हॅरी बोलंड चित्रपटात डब्लिनच्या भुयारी गटारात मारला जातो. खऱ्या बोलंडला स्केरीजच्या एका हॉटेलात गोळी लागली आणि पुढे तो रुग्णालयात मरण पावला. 21 नोव्हेंबर 1920 च्या ‘रक्तरंजित रविवारी’ क्रोक पार्क मैदानावर चौदा माणसे मारली गेली, ही गोष्ट पुरेशी भयंकर आहे. पण चित्रपटात चिलखती गाडी थेट मैदानात शिरून प्रेक्षकांवर मशीनगन रोखते. प्रत्यक्षात गोळीबार मुख्यतः पायी आलेल्या पोलिसांनी केला. सगळ्यात गंभीर बाब डी व्हॅलेरांची. कॉलिन्सच्या मृत्यूत त्यांचा हात असावा, असा संशय प्रेक्षकाच्या मनात राहील अशी त्या प्रसंगाची मांडणी आहे. त्याला पुरावा नाही.

या चुका हलगर्जीपणाच्या नाहीत. एका माणसाच्या चरित्रावर सगळा काळ पेलायचा म्हटले की हे अटळ होते. नायकाला तोडीचा प्रतिस्पर्धी लागतो, म्हणून डी व्हॅलेरा खलनायकाकडे झुकतात. मित्राचा मृत्यू नायकाच्या दुःखाला शोभेल असा हवा, म्हणून बोलंड गटारात जातो. फितुरीची किंमत पडद्यावर दिसायला हवी, म्हणून ब्रॉयला बावन्न वर्षे आधी मारावे लागते. खरे नाव वापरले की प्रेक्षक ते खरे मानून घेतो, आणि मग त्या नावाला चिकटलेले खोटेही त्याच विश्वासाने घरी नेतो. मला यातला धोका हाच वाटतो.

आता लोच यांच्या चित्रपटातल्या काल्पनिक गोष्टी एकेक करून उलगडून पाहू. थोरला भाऊ टेडी हा स्थानिक गनिमी तुकडीचा म्होरक्या. तो पकडला जातो तेव्हा त्याची नखे पकडीने उपटली जातात. हा प्रसंग पाहवत नाही, आणि तो कल्पनेतून आलेला नाही. जुलै 1920 मध्ये पश्चिम कॉर्कच्या ब्रिगेडचा प्रमुख टॉम हेल्स आणि त्याचा साथीदार पॅट हार्ट यांना ब्रिटिश सैन्याने पकडले आणि बँडन गावात त्यांचा छळ केला. हेल्सच्या बोटांवर पकड चालवली गेली. हार्टचे मानसिक संतुलन कायमचे ढासळले. त्या भागात तैनात असलेल्या एसेक्स रेजिमेंटचा आर्थर पर्सिव्हल हा अधिकारी तिथल्या लोकांच्या आठवणीत क्रूर म्हणूनच राहिला; 1942 मध्ये सिंगापूरला जपान्यांपुढे शरणागती पत्करणारा सेनानी तोच. चित्रपटाचे काही चित्रीकरण बँडनच्याच रस्त्यावर झाले आहे. टॉम हेल्सचे नाव चित्रपटात येत नाही, पण त्याचे हात येतात.

रेल्वे स्थानकाचा प्रसंगही असाच. तरुण डॉक्टर डेमियन लंडनच्या रुग्णालयात नोकरीला निघाला आहे. गाडीत चढू पाहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना न्यायला चालक आणि गार्ड नकार देतात आणि सैनिक त्यांना तुडवतात. डेमियन माघारी फिरतो आणि लढ्यात उतरतो. नायकाचे मन पालटण्यासाठी रचलेला प्रसंग वाटावा इतका तो नेमका आहे. पण मे 1920 मध्ये डब्लिनच्या गोदी कामगारांनी ब्रिटिश लष्करी सामान उतरवायला नकार दिला आणि पाठोपाठ आयर्लंडभरच्या रेल्वे कामगारांनी शस्त्रे व सशस्त्र सैनिक वाहून नेणे थांबवले. हा बहिष्कार डिसेंबरपर्यंत, म्हणजे सात महिने, टिकला. शेकडो कामगारांना कामावरून काढले गेले. कोणा एका नेत्याच्या चरित्रात या माणसांना जागा नसते, म्हणून हा बहिष्कार चित्रपटांत क्वचितच दिसतो. लोच यांना डॅन हे पात्र घडवता आले, कारण त्यांना कोणाचे चरित्र सांभाळायचे नव्हते. डोंगरातल्या वाटेवर ब्रिटिशांच्या ऑक्झिलरी दलाच्या गाड्यांवर होणारा हल्ला 28 नोव्हेंबर 1920 च्या किलमायकलच्या छाप्याची आठवण करून देतो. त्या छाप्यात ऑक्झिलरींचे सतरा जण आणि टॉम बॅरीच्या आयरिश गनिमी तुकडीतले तिघे मेले. रक्त पाहून बॅरीची पोरे इतकी हादरली, की रस्त्यावरच त्यांच्याकडून कवायत करवून घेऊन त्याने त्यांना सावरले. चित्रपटातही विजयानंतर जल्लोष नाही. थरथरणारी मुले आहेत.

पण चित्रपटाचा खरा गाभा बंदुकांच्या प्रसंगात नाही. तो एका गावठी न्यायालयाच्या खोलीत आहे. स्वातंत्र्यवाद्यांनी स्वतःची न्यायालये उभी केली होती, हे आयर्लंडबाहेर फारसे ठाऊक नाही. डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा शिन फेन पक्षाने जिंकल्या. लंडनच्या संसदेत न जाता या प्रतिनिधींनी 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. तिला डॉल एरन म्हणतात. त्याच बैठकीत संमत झालेल्या लोकशाही कार्यक्रमात देशाच्या संपत्तीवर जनतेचा हक्क आणि एकही मूल उपाशी राहू नये ही राज्याची पहिली जबाबदारी, अशी भाषा होती. 1920 च्या उन्हाळ्यापर्यंत डॉलची न्यायालये गावोगाव बसू लागली. स्त्रियांना न्यायाधीश होता येत होते. लोक ब्रिटिश न्यायालयांकडे फिरकेनासे झाले. बंदुकीने जितके राज्य पोखरले, तितकेच या खोल्यांनीही पोखरले.

चित्रपटातल्या न्यायालयात एक गरीब म्हातारी आणि तिच्याकडून जबरी व्याज उकळणारा दुकानदार समोरासमोर आहेत. न्यायाधीश एक तरुण स्त्री. ती दुकानदाराच्या विरोधात निकाल देते. पण हाच दुकानदार लढ्यासाठी शस्त्रांचा पैसा पुरवतो, म्हणून टेडी त्याला न्यायालयाच्या हातून सोडवून बाहेर नेतो. मग खोलीत जो वाद पेटतो, तो चित्रपटातला सगळ्यात मोठा स्फोट आहे. टेडीचे म्हणणे: बंदुका नसतील तर न्यायालय टिकणार कसे? डॅनचे आणि न्यायाधीश स्त्रीचे म्हणणे: आपल्याच न्यायालयाचा निकाल आपण मोडणार असू, तर बंदुका कशासाठी उचलल्या? दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. लोच यांनी या वादाला पुष्कळ वेळ दिला आहे. माणसे एकमेकांना तोडून बोलतात, अडखळतात, पुन्हा बोलतात. नटांना पूर्ण पटकथा आधी न देणे आणि कथेच्या क्रमानेच चित्रीकरण करणे ही त्यांची जुनी पद्धत. स्पेनच्या यादवी युद्धावरच्या त्यांच्या ‘लँड अँड फ्रीडम’ या 1995 च्या चित्रपटातही जमिनीच्या मालकीवरचा असाच लांबलचक वाद आहे. अशा प्रसंगांना काही समीक्षक भाषणबाजी म्हणतात. मला ते मान्य नाही. स्वतःचे राज्य कसे असावे यावर शेतकरी आणि मजूर एका खोलीत तावातावाने भांडत आहेत, हाच तर क्रांतीचा दैनंदिन व्यवहार असतो. गोळीबार रोज होत नाही.

इतिहासाने या प्रसंगाला पुढे एक विदारक पुष्टी दिली. ब्रिटनशी झालेल्या करारावरून आयर्लंडमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर, जुलै 1922 मध्ये, डॉलच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश डियर्मिड क्रोली यांनी एका कैद्याला कोणत्या कायद्याने डांबून ठेवले आहे, याचा जाब आयर्लंडच्या नव्या हंगामी सरकारकडे मागितला. सरकारने उत्तर देण्याऐवजी ती न्यायालयेच मोडीत काढली. त्या निर्णयावरून जॉर्ज गॅव्हन डफी या मंत्र्याने राजीनामा दिला. हा तोच डफी, ज्याने काही महिन्यांपूर्वी लंडनमध्ये त्याच करारावर सही केली होती. म्हणजे टेडीने दुकानदारासाठी जे केले, तेच नव्या राज्याने दोन वर्षांनी सगळ्या देशाच्या बाबतीत केले. पटकथा या घटनेचा उल्लेखही करत नाही. तिने फक्त त्या घटनेचे बीज कुठे पेरले गेले, ते दाखवले.

करार म्हणजे 6 डिसेंबर 1921 चा अँग्लो-आयरिश करार. मराठी वाचकाला ‘होमरूल’ हा शब्द टिळकांमुळे परिचयाचा आहे. तो आयर्लंडहून आला, आणि टिळकांची होमरूल लीग बेळगावात एप्रिल 1916 च्या अखेरीस स्थापन झाली, तेव्हा डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. त्या उठावानंतर झालेल्या फाशी-गोळ्यांनी आयर्लंडमध्ये होमरूलची मागणी मागे पडली आणि प्रजासत्ताकाची पुढे आली. करारात मात्र प्रजासत्ताक नव्हते. ब्रिटिश साम्राज्याअंतर्गत वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा होता, राजाशी निष्ठेची शपथ होती, काही बंदरे ब्रिटिश आरमाराकडेच राहणार होती, आणि उत्तरेकडचे सहा परगणे वेगळे होण्याची वाट मोकळी होती. 7 जानेवारी 1922 रोजी डॉलने हा करार 64 विरुद्ध 57 मतांनी स्वीकारला. चित्रपटात टेडी कराराच्या बाजूचा: आज मिळते ते घ्या, उरलेले पुढे मिळवू, नाहीतर ब्रिटन सर्वशक्तीनिशी उलटेल. डेमियन आणि डॅन विरोधातले. टेडी करारातून आलेल्या ‘फ्री स्टेट’ या नव्या राज्याचा हिरवा गणवेश घालतो आणि ज्या घरांत तो लपत असे, त्याच घरांवर छापे घालू लागतो.

या भाऊबंदकीच्या मागे एक जुना मृत्यू उभा आहे. स्वातंत्र्ययुद्धात तुकडीची माहिती ब्रिटिशांना कळते, ती ख्रिस नावाच्या पोरसवदा शेतमजुराकडून. जमीनदाराने आणि पोलिसांनी दमदाटी करून त्याच्याकडून ती काढून घेतलेली असते. फितुरीला शिक्षा एकच, आणि ती द्यायची जबाबदारी डेमियनवर येते. त्याने या मुलाला लहानपणापासून पाहिले आहे. तो त्याला गोळी घालतो, मग त्याच्या आईला मुलाच्या थडग्यापाशी घेऊन जातो, आणि ती माउली त्याला सांगते की तुझे तोंड मला पुन्हा कधी पाहायचे नाही. पुढे पकडला गेल्यावर डेमियन शस्त्रांचा ठावठिकाणा सांगत नाही, कारण त्याने तो सांगितला तर ख्रिसला कशासाठी मारले, याचे उत्तरच उरणार नाही. टेडी आपल्या सख्ख्या भावावर गोळ्या झाडण्याचा हुकूम देतो. डेमियनचे शेवटचे पत्र घेऊन तो त्याच्या प्रेयसीकडे, शिनेडकडे, जातो तेव्हा तिच्या तोंडी जवळजवळ तेच शब्द येतात, जे ख्रिसच्या आईने डेमियनला ऐकवले होते.

इथे आक्षेप येतो: भावाने भावाला गोळी घालणे ही नाटकी अतिशयोक्ती नाही का? पुन्हा हेल्स घराण्याकडे वळू. टॉम हेल्स कराराच्या विरोधात गेला. त्याचा भाऊ शॉन हेल्स डॉलचा सदस्य होता. त्याने करारासाठी मत दिले आणि फ्री स्टेटच्या सैन्यात अधिकारी झाला. 22 ऑगस्ट 1922 रोजी बेल ना ब्ला इथे ज्या टोळीने मायकेल कॉलिन्सवर दबा धरला, तिचे नेतृत्व टॉम हेल्सकडे होते. कॉलिन्स दोन्ही भावांचा मित्र. 7 डिसेंबरला शॉनला डब्लिनच्या रस्त्यावर करारविरोधकांनी ठार केले. दुसऱ्या दिवशी पहाटे सरकारने सूड म्हणून माउंटजॉय तुरुंगातल्या चार कैद्यांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. शॉनच्या खुनाच्या कितीतरी आधीपासून ते कैदेत होते. त्यांतला डिक बॅरेट पश्चिम कॉर्कचाच. त्यांतलाच रोरी ओकॉनर हा, त्या हुकुमाला संमती देणारे मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांच्या लग्नात वर्षभरापूर्वी नवरदेवाचा पाठराखा होता. या घटना खऱ्या नावांनी पडद्यावर आणल्या असत्या, तर पटकथाकाराने भलताच योगायोग जुळवला, असे लोक म्हणाले असते. डेमियन-टेडीची कथा वास्तवापेक्षा सौम्य आहे.

दुसरा आक्षेप ब्रिटनमधून आला आणि तो मोठ्या आवाजात आला. हा चित्रपट इंग्रजद्वेषाचा प्रचार आहे, असे लंडनच्या काही स्तंभलेखकांनी लिहिले. त्यांतल्या एकाने चित्रपट पाहिलेलाच नसल्याचे मान्य केले होते. ब्रिटिशांच्या ब्लॅक अँड टॅन आणि ऑक्झिलरी या दलांची वागणूक चित्रपटात आहे त्याहून सौम्य होती, असे कागदपत्रे सांगत नाहीत. 11 डिसेंबर 1920 च्या रात्री त्यांनी कॉर्क शहराचा मध्यभाग जाळला. 1921 च्या जानेवारीपासून सूड म्हणून घरे उडवून देणे हे लष्करी कायद्याखालच्या भागात अधिकृत धोरणच झाले. शिवाय महायुद्धाच्या खंदकांत आपल्या माणसांनी काय भोगले, हे ओरडून सांगणारा ब्रिटिश अधिकारी चित्रपटात आहे, आणि कैद्यांना पळून जायला मदत करणारा सैनिकही आहे. त्यापुढे जाऊन पाहा: चित्रपटाच्या शेवटच्या भागात छापे घालणारे, घरे उलथून टाकणारे, गोळ्या झाडणारे सगळे आयरिश आहेत. इंग्रजद्वेष पसरवणारा चित्रपट इथवर कशाला आला असता?

तिसरा आक्षेप मात्र मला खोडून काढता येत नाही, आणि खोडूही नये. पश्चिम कॉर्कमध्ये एप्रिल 1922 च्या अखेरीस, ब्रिटिशांशी युद्धविराम झाल्यानंतर, बँडन आणि डनमॅनवेच्या परिसरात काही रात्रींत तेरा प्रोटेस्टंट पुरुष मारले गेले. पीटर हार्ट या इतिहासकाराने 1998 मध्ये या हत्यांना सांप्रदायिक ठरवले, इतरांनी त्याच्या पुराव्यावर कडक टीका केली, आणि हा वाद आजही शमलेला नाही. वाद हेतूंबद्दल आहे, मृत्यूंबद्दल नाही. चित्रपट याच भूमीत, याच वर्षात घडतो आणि त्याबद्दल अक्षरही काढत नाही. त्यातला एकमेव ठळक प्रोटेस्टंट म्हणजे तो जमीनदार. ही उणीव मोठी आहे. काल्पनिक पात्रांनी लोच यांना जी मोकळीक दिली, तिचा उपयोग एखादे छोटे प्रोटेस्टंट शेतकरी कुटुंब दाखवायला करता आला असता. ते कुटुंब पडद्यावर असते, तर ‘कशासाठी मारले’ या डेमियनच्या प्रश्नाला आणखी धार आली असती.

चौथा आक्षेप माझ्या मांडणीच्या मुळावर घाव घालणारा आहे, म्हणून तो शेवटी घेतो. डॅन आणि डेमियन कराराला विरोध करतात तो गरिबांच्या राज्यासाठी. नुसता झेंडा बदलून मालक तेच राहतील, हा समाजवादी पुढारी जेम्स कॉनोलीचा इशारा त्यांच्या तोंडी आहे. पण करारावर डॉलमध्ये जी दीर्घ चर्चा झाली, ती बहुतांशी राजनिष्ठेची शपथ आणि प्रजासत्ताक यांवर. जमीन, मजुरी, व्याज यांबद्दल फारच थोडे बोलले गेले. करारविरोधकांतले बहुतेक समाजवादी नव्हते. डॉलची न्यायालयेही गरिबांकडेच झुकलेली होती असे नाही. पश्चिमेकडे भूमिहीनांनी जमिनी बळकावल्या, तेव्हा न्यायाधीश केव्हिन ओशील यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला आणि तो न जुमानणाऱ्यांना स्वातंत्र्यवाद्यांच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी उचलून एका बेटावर कैदेत ठेवले. म्हणजे 1922 ची फूट वर्गांची होती, असे चित्रपट सुचवत असेल, तर त्याने पुराव्यापेक्षा जास्त वजन उचलले आहे. हे मी मान्य करतो.

तरीही डॅनचा आवाज बनावट ठरत नाही. माउंटजॉयमध्ये गोळ्या घातलेल्या चौघांपैकी लियम मेलोज याने त्याच तुरुंगातून, मृत्यूच्या काही महिने आधी, 1919 चा लोकशाही कार्यक्रम पुन्हा हाती घ्या आणि कष्टकऱ्यांकडे वळा, असे आपल्या साथीदारांना लिहून कळवले होते. ते लिखाण सरकारच्या हाती पडले आणि बंडखोर किती धोकादायक आहेत हे दाखवायला सरकारनेच ते छापले. जून 1922 च्या निवडणुकीत मजूर पक्षाने 18 उमेदवार उभे केले आणि 17 निवडून आणले. भाकरीचा प्रश्न लोकांच्या मनात होता, तो दोन्ही सैन्यांच्या घोषणांत नव्हता. डॅन बहुमताचा प्रतिनिधी नाही. तो हरलेल्या अल्पमताचा प्रतिनिधी आहे, आणि नेत्यांच्या चरित्रांवर बेतलेल्या चित्रपटांत अशा माणसांना बोलायला जागाच उरत नाही. मोठ्या नावांचा इतिहास जे घडले ते सांगतो. जे घडू शकले असते आणि ज्यासाठी काही माणसे मेली, ते सांगायला डॅनसारखे पात्रच लागते. या एका ठिकाणी लोच यांनी तराजूचे पारडे मुद्दाम जड केले, असे म्हणता येईल. जॉर्डन यांनी डी व्हॅलेरांवर टाकलेल्या संशयापेक्षा हा फेरफार वेगळ्या जातीचा आहे, कारण त्याने कोणा खऱ्या माणसावर खोटा आळ येत नाही.

डेमियनच्या मृत्युदंडाचा प्रसंग डब्लिनच्या किलमेनहॅम तुरुंगात चित्रित झाला. 1916 च्या उठावानंतर ब्रिटिशांनी चौदा नेत्यांना तिथे गोळ्या घातल्या. जखमी कॉनोलीला तर खुर्चीला बांधून. 1920-21 च्या युद्धात ब्रिटिशांनी अधिकृतपणे चोवीस बंडखोरांना मृत्युदंड दिला. नव्या आयरिश राज्याने नोव्हेंबर 1922 ते मे 1923 या काळात 77 जणांना दिला. त्यांतले पहिले चार तरुण 17 नोव्हेंबर 1922 रोजी त्याच किलमेनहॅममध्ये उभे केले गेले.